पत्त्याचा गुन्हा

बदलीच्या नोकरीत माणूस नव्या शहरात गेला की पहिल्या आठवड्यातच त्या शहराचा एक नकाशा त्याला तोंडी सांगितला जातो. हा नकाशा कोणत्याही महानगरपालिकेने छापलेला नसतो. घरमालक, कार्यालयातील सहकारी, दूधवाला, रिक्षावाला असे सगळे मिळून तो सांगतात. कोणत्या रस्त्याने रात्री जाऊ नये, कोणत्या वस्तीत गाडी थांबवू नये, कोणत्या भागातली मोलकरीण ठेवू नये, हे त्यात अगदी नेमके असते. सुमारे तीस वर्षांच्या केंद्रीय सेवेत मी असे अर्धा डझन नकाशे ऐकले. त्यांपैकी एकाविषयी मला लिहावयाचे आहे, कारण त्या नकाशावर एकदा मीही सही केली आहे.

२००४ साली माझी बदली अहमदाबादेस झाली. घर मणिनगर भागात मिळाले. मराठी कुटुंबे त्या परिसरात बरीच असल्याने आमचे बरे जमले. घरमालक वृद्ध गुजराती गृहस्थ होते, सज्जन आणि बोलके. त्यांनी मला पूर्वेकडच्या काही वस्त्या टाळण्यास सांगितले, शिवाय नदीपलीकडचे जुहापुरा. कार्यालयातील माझे एक मुसलमान सहकारी जुहापुऱ्यातच राहत. त्यांना मी सहज विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "साहेब, माझी यादी वेगळी आहे." २००२ च्या दंगलीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. गाडी पंक्चर झाली तरी रात्री जेथे आपण थांबणार नाही अशा पाचसात वसाहतींची नावे त्यांनी घेतली. त्या सर्व वसाहती माझ्या घरमालकांच्या मते शहरातील सर्वांत सुरक्षित होत्या. आमच्या कार्यालयातील लघुलेखिका बाईंच्या यादीत वस्त्या नव्हत्याच. तिच्यात बसथांबे होते आणि त्यांच्यापुढे वेळा होत्या.

असुरक्षितता ही वस्तीत कमी आणि विचारणाऱ्याच्या नावात, धर्मात, लिंगात अधिक असते, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा समाधानाने तो मनाशी ठेवून दिला. परंतु एक गोष्ट त्या निष्कर्षात बसत नव्हती. या तिन्ही याद्यांत एक नाव समान होते. हिंदू घरमालक, मुसलमान सहकारी आणि लघुलेखिका बाई यांचे ज्या एका नावावर एकमत होते ते नाव म्हणजे छारानगर. शहराच्या ईशान्येस, कुबेरनगरला लागून असलेली ही वस्ती. तेथील लोक जन्मतःच चोर असतात, असे मला तिघांनीही जवळजवळ एकाच वाक्यात सांगितले. तिघांपैकी तेथे कोणीही कधी गेलेले नव्हते.

पुढल्याच वर्षी एका सर्वेक्षणासाठी आम्हांला काही क्षेत्र-कर्मचारी कंत्राटी पद्धतीने घ्यावयाचे होते. लेखी परीक्षा झाली, गुणानुक्रमे यादी लागली. पहिल्या क्रमांकावर एक वाणिज्य पदवीधर तरुण होता. अर्जात त्याने पत्ता 'कुबेरनगर' असा दिला होता. शिधापत्रिकेच्या प्रतीवर मात्र 'छारानगर' होते. आमचे अधीक्षक फाइल घेऊन माझ्याकडे आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "साहेब, आपल्या माणसांना लोकांच्या घरात जाऊन बसावे लागते. उद्या कोणाचे काही गेले तर प्रश्न आपल्याला विचारतील." पत्ता लपवला, हाही मुद्दा त्यांनी मांडला. मी थोडा वेळ विचार केला आणि टिपणीवर लिहिले: 'प्रतीक्षायादीत ठेवावे.' कारण लिहिले नाही. कारण लिहिण्याजोगे नव्हते, हे मला त्याही क्षणी कळत होते. नियमभंग झाला नाही, कोणी तक्रार केली नाही. काही दिवसांनी तो तरुण स्वतः चौकशीस आला. त्याने फक्त आपले गुण विचारले. मी सांगितले. आपण पहिले आहोत हे ऐकून त्याने मान डोलावली, हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तो गेला. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला माझ्याआधीपासून ठाऊक असावे.

या वस्तीचा इतिहास मी त्यानंतर वाचू लागलो. आधी वाचावयास हवा होता.

एखाद्या वस्तीची बदनामी ही लोकांच्या पूर्वग्रहातून आपोआप उगवते, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. शासनयंत्रणा या पूर्वग्रहाच्या बाहेर उभी आहे, फार तर ती त्याला बळी पडते, अशी आपली समजूत असते. छारानगरच्या बाबतीत क्रम उलटा आहे. येथे बदनामी अगोदर राजपत्रात प्रसिद्ध झाली, वस्ती नंतर वसवली गेली आणि लोकांचे भय त्याच्याही नंतर आले.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा होता की, हिंदुस्थानात विणकर, सुतार हे जसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जातीचा धंदा करतात तसेच काही जातींचा धंदा गुन्हेगारी हाच आहे. १८३० च्या दशकातील ठगांच्या बंदोबस्ताच्या मोहिमेपासून ही कल्पना अधिकाऱ्यांच्या मनात मुरत होती. १८५७ नंतर भटक्या, बेठिकाणी माणसाविषयी सरकारच्या मनात धास्ती होती, तीही तिला येऊन मिळाली. आर्थिक बाजू अशी की, पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बैलांचे तांडे रेल्वेने निरुपयोगी केले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलातील शिकार, गवत आणि डिंक-मध हे बहुतेक गुन्ह्यांच्या सदरात टाकले. ज्यांचा धंदा सरकारी धोरणाने बुडाला, त्यांनाच मग निरुद्योगी व संशयित म्हणून कायद्याने पकडले.

कायद्याची यंत्रणा साधी होती. प्रांतिक सरकारने एखादी जमात अधिसूचित करावयाची. जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्या जमातीची नोंदवही तयार करावयाची. नोंदलेल्या प्रत्येकाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची आणि हद्द सोडताना पास घ्यावयाचा. पासाशिवाय बाहेर सापडणे हाच गुन्हा. अमुक जमात गुन्हेगार आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयात उपस्थित करण्याची सोय ठेवलेली नव्हती. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १८७६ मध्ये बंगालला लागू झाला, १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद आली, १९११ मध्ये तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. नोंदवहीत बोटांचे ठसेही आले. मूल जन्मले की त्याच्या वाट्याला वडिलांचे नाव आणि त्या नावाबरोबर वडिलांची हजेरी येत असे.

मुंबई इलाख्यात या कायद्याखाली ज्या वसाहती उभारल्या गेल्या त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. सोलापूरच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही, कारण शहराच्या त्या भागाचे नाव आजही सेटलमेंट असेच आहे. तारांचे कुंपण, दिवसातून अनेकदा हजेरी आणि दरम्यान कापडगिरणीत काम. अशा वसाहती गिरण्या, रेल्वे, बांधकामे यांच्या आसपास काढण्यामागे सुधारणेचा हेतू होता तसा स्वस्त व पळून न जाणाऱ्या मजुराचाही होता. या खात्याचे प्रमुख म्हणून आय.सी.एस. अधिकारी स्टार्ट यांनी अनेक वर्षे काम केले. दलित व आदिवासींच्या स्थितीविषयी मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेली समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. म्हणजे स्टार्ट हे काही क्रूर शिपाईगडी नव्हते. आपण या लोकांचे भले करीत आहोत असेच त्यांना वाटत असावे. प्रशासनाच्या अभ्यासकाला हाच भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. माझे अधीक्षकही वाईट गृहस्थ नव्हते, असे मी वर लिहिले आहे ते यासाठीच.

छारा ही सांसी समूहाची एक शाखा. आपल्याकडे महाराष्ट्रात कंजारभाट म्हणून ओळखला जाणारा समाज त्यांचाच भाऊबंद. त्यांची भाषा भांतू. १९३० च्या दशकात त्यांना अहमदाबादजवळच्या सेटलमेंटमध्ये कोंडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर मद्रास व मुंबई प्रांतांनी हा कायदा आपापल्या हद्दीत काढून टाकला. अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. विमुक्त हा शब्द तेव्हापासूनचा आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिनही त्यामुळेच.

परंतु कायदा रद्द होतो तेव्हा नोंदवही कोठे जाते? याचे उत्तर कोणत्याही अभिलेखागारात शोधण्याची गरज नाही. ती पोलीस ठाण्यातच राहते, फक्त तिच्यावरचे नाव बदलते. जमातींविषयीचा कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ मध्ये केला आणि १९६० च्या राज्यविभाजनानंतर तो गुजरातकडेही गेला. या कायद्यात जातीचा उल्लेख नाही, व्यक्तीचा आहे. कागदावर हा फरक मोठा आहे. मात्र नोंद करणारा जमादार तोच, ठाणे तेच आणि ज्या वस्तीकडे तो पाहत होता ती वस्तीही तीच. सेटलमेंटमधून सुटलेल्या माणसाजवळ जमीन नव्हती आणि नोकरी देताना त्याचा पत्ता विचारला जात होता. शेजारी कुबेरनगर, सरदारनगर येथे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेही सर्वस्व गमावून आले होते. पण निर्वासित हा शब्द सहानुभूतीचा होता, त्यामागे पुनर्वसनाचे खाते होते. विमुक्त या शब्दामागे नोंदवही होती.

त्यातच १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरातने चालू ठेवला. चोरीपेक्षा कमी धोक्याचा आणि रोज पैसा देणारा धंदा म्हणून छारानगरातील पुष्कळ घरांनी हातभट्टी धरली. ही गोष्ट झाकून ठेवून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दारूचा धोका कल्पित नाही. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मात्र मेले ते मुख्यतः पूर्वेकडच्या श्रमिक वस्त्यांतील लोक, नदीच्या पश्चिमेस राहून पूर्वेला भिणारे नव्हेत. भय एका ठिकाणी आणि धोका दुसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी आहे. याद्या मात्र नेहमी भय बाळगणाऱ्यांच्या छापल्या जातात.

येथे माझ्या विषयाच्या अंगाने थोडे लिहितो. एडमंड फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, मालकाच्या मनात कोणाविषयी द्वेष नसला तरीही भेदभाव होऊ शकतो. व्यक्तीची पुरेशी माहिती नसते, ती मिळवण्यास खर्च येतो, म्हणून मालक ती व्यक्ती ज्या गटातली त्या गटाच्या सरासरीवर निर्णय घेतो. माझी 'प्रतीक्षायादीत ठेवावे' ही टिपणी या सिद्धांताचे पाठ्यपुस्तकी उदाहरण होते. फरक एवढाच की माझ्याजवळ व्यक्तीची माहिती होती. तो परीक्षेत पहिला आला होता. तरी मी सरासरीकडेच पाहिले.

बरे, ती सरासरी तरी कोठून येते? गुन्ह्यांच्या आकडेवारीत दोन प्रकार मिसळलेले असतात. घरफोडी झाली की घरमालक तक्रार करतो. तेथे आकडा साधारणपणे घटनेमागून येतो. दारूबंदीच्या गुन्ह्यात तक्रारदार नसतो. विकणारा व घेणारा दोघेही खूश असतात. तेथे आकडा छाप्यामागून येतो. ज्या वस्तीवर दहा छापे पडतील तेथे दहा गुन्हे, ज्या बंगल्यावर एकही पडणार नाही तेथे शून्य. मग वर्षाअखेरीस दहाचा आकडा पाहून पुढल्या वर्षीचे अकरा छापे त्याच वस्तीवर ठरतात. गुजरातमधील सुखवस्तू घरांत दारू कशी पोहोचते हे त्या राज्यात नोकरी केलेल्या कोणालाही विचारावे. त्या घरांचे पत्ते कोणाच्याही यादीत नसतात. वस्तीची बदनामी अशा रीतीने दरवर्षी नव्या आकड्यांनिशी सिद्ध होत राहते. लोक म्हणतात, आकडे खोटे बोलत नाहीत. खरे आहे, आकडे फक्त जेथे मोजले तेथलेच सांगतात.

याच्या उलट टोकाचा अनुभव मला २००६ साली आला. आमच्या सर्वेक्षणाच्या यादृच्छिक नमुन्यात छारानगरातील एक ब्लॉक निवडला गेला. यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकाला शहराचा तोंडी नकाशा ठाऊक नसतो. आमच्या माणसांना मात्र होता. पहिला कर्मचारी गेला तो सर्व घरांपुढे 'बंद' असा शेरा घेऊन परतला. दुसऱ्याने प्रकृतीचे कारण दिले. तिसऱ्याने मला स्पष्ट सांगितले की शेजारच्या वसाहतीतील पर्यायी घरे घ्यावीत, कोणाला कळणार नाही. मला खरोखरच कळले नसते. या आधीच्या फेऱ्यांत असे किती वेळा झाले असेल, याचा विचार करून मी दचकलो. म्हणजे ज्या वस्तीची गुन्ह्यांच्या नोंदवहीत सर्वांत जाड पाने, तिचीच उत्पन्न, शिक्षण, आजारपण यांच्या सर्वेक्षणात कोरी पाने. सरकारला त्या वस्तीविषयी जी एकच गोष्ट ठाऊक होती ती पोलिसांकडून आलेली होती.

आणि त्या ब्लॉकमध्ये निर्धास्तपणे जाऊ शकेल असा जो एक उमेदवार मजजवळ आला होता, त्याला मीच प्रतीक्षायादीत ठेवले होते. अर्जावरच्या शेजाऱ्यांच्या दूरध्वनीवर मी फोन लावला. तो सुरतेस कामाला गेल्याचे समजले.

मग मीच गेलो. दोन दिवस गेलो. पहिल्या गल्लीत आंबलेल्या गुळाचा वास होता, हे खरे. दुसऱ्या गल्लीत दारांवर वकिलांच्या पाट्या होत्या. कोर्टाच्या इतक्या फेऱ्या झाल्यावर पुढल्या पिढीने कायदाच शिकून घ्यावा, हे तसे स्वाभाविक. एका ओट्यावर बसलेल्या आजींनी माझ्या हातातली वही पाहिली आणि विचारले, "कोणाचे नाव लिहायला आलात?" मी सर्वेक्षणाचे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण घरातल्या माणसांची नावे सांगताना मुलांची नावे त्यांनी सांगितली नाहीत. वही घेऊन येणारा माणूस आणि घरातली पोरे यांचा संबंध त्यांच्या स्मृतीत फार जुना होता. माझ्या घरमालकांना छारानगरचे जेवढे भय वाटत होते तेवढेच त्या आजींना माझ्या वहीचे वाटत होते. त्यांच्या दृष्टीने असुरक्षित विभाग म्हणजे छारानगर सोडून उरलेले शहर, आणि त्यातही सरकारी इमारती.

त्याच वस्तीत एक लहान ग्रंथालय आहे. त्याची हकिकत मराठी वाचकांनी ठाऊक करून घ्यावी अशी आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या विमुक्त जमातीच्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवींच्या संघटनेने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेले. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, मूळचे भोरचे आणि बडोद्यात इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. छारानगरात ग्रंथालय सुरू झाले आणि तेथल्या मुलांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसवले. 'बुधन थिएटर' हे नाव तेव्हापासून. पोलिसांसमोर खोटे बोलण्यासाठी आमच्या आजोबांना अभिनय यावाच लागे, असे तेथील एका तरुणाने मला हसत सांगितले. मला त्याच्याबरोबर हसता आले नाही.

येथे आपण मराठी माणसांनी स्वतःविषयी एक गोष्ट आठवावी. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ साली भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्याला मराठा खंदक असेच नाव पडले. मराठे त्या खंदकापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला गेला आणि त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बंगालमध्ये मात्र मुलांना निजवताना बारगीरांचे भय अजून घातले जाते. अहमदाबादेतही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता. त्या अंमलाविषयी तेथले लोक फारसे गोड बोलत नाहीत. आपणही कधीकाळी दुसऱ्यांच्या यादीत होतो. त्या यादीतून आपले नाव निघाले, कारण नंतरच्या कोणत्याही सरकारने प्रत्येक मराठी मुलाची जन्मतः हजेरी घेतली नाही. भय लोकगीतात राहिले तर ते कालांतराने निरुपद्रवी होते. नोंदवहीत राहिले तर वंशपरंपरेने चालते.

नोंदवहीचे हे सामर्थ्य केवळ परकीय राजवटीपुरते नाही. अहमदाबादेतीलच अशांत धारा पाहा. दंगलींच्या काळात भयाने घरे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत, या समजण्याजोग्या हेतूने १९८६ साली व नंतर १९९१ साली हा कायदा झाला. अशांत घोषित केलेल्या भागात मालमत्ता विकण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगली थांबल्या तरी अधिसूचना राहिल्या आणि वाढल्याही. आणि एका धर्माचा शेजार दुसऱ्याला मिळेनासा झाला. ज्या जुहापुऱ्याचे माझे घरमालक भय बाळगत, त्याचा आरंभ १९७३ च्या साबरमतीच्या पुरात बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनातून झाला होता. लोकांच्या मनातली रेघ पुसट असते. तिच्यावर सरकारी शिक्का उमटला की ती ठळक होते.

न्यायालयांनी हे ओळखले आहे, सावकाश का होईना. पोलिसांनी संशयिताच्या घरी रात्री जाऊन दार ठोठावणे घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने खडकसिंग खटल्यात १९६२ सालीच सांगितले. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दिल्लीतील एका प्रकरणात बजावले की, मागास व विमुक्त समाजातील निरपराध व्यक्तींची नावे केवळ सवयीने पोलिसांच्या नोंदींत चढवली जाऊ नयेत. ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगांच्या नियमावलींतील जातीवर आधारलेली कलमे रद्द झाली. त्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही होत्या. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षे त्या ओळी नियमावलीत होत्या आणि आमच्यासारखे अधिकारी त्यांच्या नव्या आवृत्त्या छापीत होते. मधल्या काळात सोलापूरचे बाळकृष्ण रेणके आणि नंतर भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली आयोग झाले, २०१९ मध्ये कल्याण मंडळ झाले, २०२२ मध्ये शिक्षण, आरोग्य व उपजीविकेसाठी योजना आली. या सर्वांचे मोल आहे. परंतु योजनेचा लाभ घेण्यास दाखला लागतो आणि दाखल्यावर पत्ता असतो. आपला पत्ता सांगण्याचे ज्यांना भय वाटते त्यांनी योजनेपर्यंत यावे कसे, हा प्रश्न योजनेच्या बाहेर राहतो.

नागरिकांनी मनातले पूर्वग्रह टाकून द्यावेत, असा उपदेश करून लेख संपवणे सोपे आहे. मी तो करणार नाही. रात्री अपरात्री घरी परतणाऱ्या माणसाला आपल्या भयाचा हिशेब ठेवण्याचा अधिकार आहे. माझे म्हणणे माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्यांपुरते आहे. सामान्य माणसाच्या भयाने फार तर एक रिक्षा त्या वाटेने जात नाही. आमच्या भयाने टिपणी होते, टिपणीने फाइल होते, फाइलीने नोकरी जाते आणि पुढल्या पिढीला त्या वस्तीच्या बदनामीचा आणखी एक पुरावा मिळतो. म्हणून कारण न लिहिता केलेली प्रत्येक टिपणी संशयास्पद मानावी, पत्त्याचा रकाना निवड होईपर्यंत झाकून ठेवावा, तक्रारीवरून झालेला गुन्हा आणि छाप्यावरून झालेला गुन्हा यांचे आकडे वेगळे छापावेत, आणि 'घर बंद' या शेऱ्यांची वस्तीवार तपासणी वरिष्ठाने स्वतः जाऊन करावी. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

अहमदाबाद सोडण्यापूर्वी मी ती फाइल पुन्हा मागवली. कंत्राटी निवडीची यादी एक वर्षानंतर बाद होते, त्यामुळे तिच्यात करण्यासारखे काही उरले नव्हते. माझ्या टिपणीखाली मी तारीख घालून एवढेच लिहिले की, या उमेदवारास प्रतीक्षायादीत ठेवण्याचे कोणतेही कारण अभिलेखात नाही आणि निर्णय माझा होता. अधीक्षकांनी विचारले, आता याचा उपयोग काय? उपयोग काहीच नव्हता. तो तरुण कोठे आहे हे मला आजही ठाऊक नाही. फक्त त्या वस्तीविषयीच्या असंख्य सरकारी कागदांत एक कागद असा असावा, ज्यावर चूक सरकारकडे नोंदलेली आहे, असे मला वाटले.